कुरुळीत सापडलेला चंद्र

ज्या माणसानं गुरू ग्रहाचा एक चंद्र शोधून काढला, त्याला चिंचवडच्या सभागृहात पाचव्या रांगेत बसवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर गुच्छ उरले नाहीत म्हणून त्याच्या हातात नुसतं एक गुलाबाचं फूल दिलं, तेही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे, म्हणूनच बहुधा तो टिकलाय.

हा माणूस आणि मी महाळुंग्याच्या एकाच कंपनीत होतो. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तिथे बनत. ते फायनल इन्स्पेक्शनला होते, म्हणजे माल ट्रकमध्ये चढण्याआधी शेवटची नजर त्यांची. मी शेजारच्या एसी खोलीत, मोजमापाच्या मशीनवर. ते पन्नाशीचे, काटकुळे, खिशाला कायम एक लाल पेन. दोन्ही मनगटांवर घड्याळं. डाव्या हातावर आपली वेळ आणि उजव्या हातावर जागतिक वेळ, साडेपाच तास मागे. लोक येता-जाता विचारत, "राव, लंडनात किती वाजले?" ते खरंच घड्याळ बघून सांगत, उन्हाळ्यात एक तास मिळवून. चेष्टा त्यांना कळत नव्हती असं नाही. पण कुणी काही विचारलं तर त्याचं बरोबर उत्तर द्यायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

माणसांना हाक मारण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. प्लांट हेडपासून संडास झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना ते पूर्ण नावानं हाक मारत, स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव. मी नवीन लागले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं की मधलं नाव वडिलांचं घ्यायचं की आईचं. मला आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं. मी आईचं सांगितलं, आणि पुढची पाच वर्षं त्या आवाजात, शॉपच्या त्या गोंगाटात, माझ्या आईचं नाव दिवसातून चारदा ऐकू येत राहिलं.

पॅकिंगला झारखंडचे एक कामगार होते, वय बेचाळीस, तीन लेकरांचा बाप. सगळे त्यांना छोटू म्हणत. यांनी, म्हणजे आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी, सुपरवायझरला गाठून सांगितलं की त्यांचं नाव जगदीश आहे, ते त्यांच्या गेटपासवर लिहिलेलं आहे आणि तुम्हाला वाचता येतं. सुपरवायझर महिनाभर यांच्याशी बोलला नाही. यांना फरक पडला नाही. डिस्पॅचच्या एकानं मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर दुसऱ्या दिवशी लाल गोल करून ती परत आली. नवरीच्या आईच्या जागी 'सौ.' लिहून पुढे नवऱ्याचंच नाव छापलं होतं. यांनी समासात लिहिलं होतं, "बाईंचं स्वतःचं नाव?" लोक म्हणाले, चक्रम आहे. मीही म्हणाले असेन.

एकदा डब्याच्या वेळी मी विचारलं की नावाचं एवढं काय घेऊन बसता. तेव्हा त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. आजी वडिलांना यशवंत म्हणायची. त्याच नावानं ती पोराला बोटाला धरून गावच्या शाळेत घेऊन गेली. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, कुठल्या वस्तीतली ते ओळखलं, आणि हे नाव तुमच्यात कशाला असं म्हणून रजिस्टरात लिहिलं, कचरू. वडील पुढे पिंपरीला आले, एका कारखान्यात आयुष्यभर राबले. रेशनकार्डावर कचरू, कंपनीच्या पासवर कचरू, निवृत्तीला मिळालेल्या घड्याळाच्या मागे कोरलेलं, कचरू. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. घास चावून झाला, मग ते म्हणाले, "रजिस्टर लिहिणाऱ्याचा हात फार जड असतो."

कामात त्यांचा कडकपणा कंपनीला परवडायचा नाही. एकदा आख्ख्या लॉटवर त्यांनी लाल टॅग लावले, म्हणजे सगळा माल नापास. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर झोप काढून उठलेला, डिस्पॅच मॅनेजर घामाघूम. भोक अकरा मायक्रॉननं मोठं होतं, म्हणजे केसाच्या जाडीचा सहावा हिस्सा. मॅनेजर म्हणाला, फक्त अकरा मायक्रॉन आहे हो. हे म्हणाले, "ड्रॉइंगवर 'फक्त' लिहिलेलं नाही." माल यांच्या सहीशिवाय गेला आणि यांना स्टोअरला बसवलं, नटबोल्ट मोजत. तीन महिन्यांनी तोच लॉट गिऱ्हाईकानं परत पाठवला, तेव्हा यांना गुपचूप जागेवर आणलं. कुणी चुकलो म्हणालं नाही. त्यांनीही तशी वाट पाहिली नाही. आल्या दिवशी पहिला गेज पुसला आणि कामाला लागले.

हे सगळं ज्यांना माहीत होतं, त्यांना चंद्राचं आश्चर्य वाटायला नको होतं.

चाकण पट्ट्यात गुरुवारची सुट्टी. कुरुळीच्या दोन खोल्यांत, सकाळचा चहा झाला की ते जुना लॅपटॉप उघडत. परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीचे जुने फोटो इंटरनेटवर कुणालाही बघायला मोकळे असतात, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही वेळाच्या अंतरानं काढलेले तीन फोटो घ्यायचे आणि एकामागून एक दाखवायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरकतो. सरकणारे बहुतेक लघुग्रह असतात. पण एखादा ठिपका गुरूच्याच चालीनं, गुरूबरोबर चालत असेल, तर तो गुरूचा. शेजारपाजारचे हसत, की चंद्र शोधणारा हा माणूस रात्री दहाला झोपतो. दुर्बीण त्यांच्याकडे नव्हतीच. घेतली असती तरी कारखान्यांच्या दिव्यांत कुरुळीतून काय दिसणार होतं?

असा एक ठिपका त्यांना दिसला. एका वर्षाच्या फोटोत दिसला, मग गणित करून आधीच्या वर्षी तो कुठे असायला हवा ते काढलं, आणि तिथेही तो सापडला. दोन-तीन किलोमीटरचा दगड असेल. कुरुळीपासून चाकणच्या चौकापर्यंतही पुरला नसता. पण तो कुणाच्याही यादीत नव्हता.

मी यात आले ती त्यांच्या हट्टामुळे. त्यांनी एक जाड वही केली होती. फोटोचा नंबर, जागतिक वेळ, ठिपक्याची जागा, आणि शेवटी दोन रकाने, 'मोजलं' आणि 'तपासलं'. दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय मोजमाप हे मोजमाप नसतं, असं त्यांचं म्हणणं. डब्याच्या सुट्टीत ते लॅपटॉप माझ्यापुढे ठेवत, स्वतःचा आकडा झाकून, आणि मी माझा आकडा काढायचा. जुळला तर मी सही करायची. नाही जुळला तर दोघांनी पुन्हा. जवळजवळ वर्षभर आम्ही हे केलं. सुरुवातीला मी त्यांचं मन राखायला करायचे. नंतर तो ठिपका दिसला नाही की मला चैन पडायचं नाही.

चंद्राची कक्षा काढायला आणि अशा शोधांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राला कागद पाठवायला जाणकार माणूस लागणार होता. पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत निवृत्त प्राध्यापक राहत. आकाशनिरीक्षणाचं मंडळ चालवत, भाषणं देत. सगळे त्यांना सर म्हणत. हे त्यांच्याकडे वहीची झेरॉक्स घेऊन गेले. सरांनी सोफ्यावर बसवलं, कौतुक केलं, सरबत दिलं. म्हणाले, मंडळाच्या नावानं पाठवू, म्हणजे तिकडे लवकर बघतील. यांनी विश्वास ठेवला. मोजमापात सोडून हा माणूस सगळ्यांवर विश्वास ठेवायचा.

काही महिन्यांनी जाहीर झालं. गुरूला नवा चंद्र. शोध लावणारे म्हणून सरांचं नाव आणि त्यांच्या मंडळातल्या दोन विद्यार्थ्यांची नावं. यांचं नाव कुठेही नव्हतं. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचून यांचं नाव शोधत होते. हे मात्र केंद्रानं छापलेली मोजमापांची यादी बोट ठेवून वाचत होते, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा लाल झालेला मी पाहिला. "दोन वेळा चुकल्यात," ते म्हणाले. कुणीतरी टाइप करताना दोन फोटोंची वेळ जागतिक धरायच्या ऐवजी भारतीय लिहिली होती. साडेपाच तासांनी चूक. नाव गेलं त्याचं त्यांना वाईट वाटलं असणारच, पण आधी त्यांना हे दिसलं.

मग तो सत्काराचा कार्यक्रम. आमच्या कंपनीचे मालक सरांच्या मंडळाचे देणगीदार होते, म्हणून आम्हाला बसनं नेलं. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'आपल्या शहराचा चंद्र'. आपल्या शहराचा! कुरुळी तर त्यांच्या शहरातही येत नाही. एका पुढाऱ्यानं व्यासपीठावरून सुचवलं की या चंद्राला त्याच्या कैलासवासी वडिलांचं नाव द्यावं, आणि टाळ्या पडल्या. असं नाव चालत नाही, गुरूच्या चंद्रांच्या नावांचे नियम ठरलेले आहेत, हे सरांना पक्कं माहीत होतं. ते म्हणाले, जरूर विचार करू.

प्रश्न विचारा म्हटल्यावर हे उठले. म्हणाले, दोन वेळा चुकल्यात, त्या दुरुस्त करायला हव्यात. सर हसले. माइकवर म्हणाले, हे आपले चाकणचे कामगार बंधू, यांनी आम्हाला डेटा एंट्रीत मदत केली. पुन्हा टाळ्या.

डेटा एंट्री. वर्षभराचे गुरुवार, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघितलेले ते काळे फोटो, आणि त्याचं नाव डेटा एंट्री.

हे उभेच राहिले. म्हणाले, "मोजमाप माझं आहे. तपासलं यांनी आहे." आणि त्यांनी माझं नाव घेतलं, पूर्ण, आईच्या नावासकट. कुणीतरी माइक माझ्यापर्यंत आणला. दोन रांगा पुढे बसलेले आमचे एचआर मॅनेजर वळून माझ्याकडे बघत होते. पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं.

मी म्हणाले, "मला नक्की आठवत नाही."

ते खाली बसले. माझ्याकडे बघितलं नाही. परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर ते फूल मांडीवर घेऊन बसले होते, टाकून द्यावं असंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेहमीसारखी हाक मारली. तेच नाव, तोच आवाज. फक्त लॅपटॉप माझ्या टेबलावर परत आला नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी केंद्राला पत्र लिहिलं ते मला नंतर कळलं. त्यात स्वतःच्या हक्काचा एक शब्द नव्हता. एवढंच, की अमुक दोन मोजमापांची वेळ भारतीय आहे, बरोबर वेळ अशी, सोबत वहीची पानं. तिकडून चार ओळींचं उत्तर आलं. दुरुस्तीबद्दल आभार, आता ती दोन्ही मोजमापं कक्षेत नीट बसतात. ही वही कोणाची? आणि 'तपासलं' या रकान्यात जिची सही आहे, ती व्यक्ती लेखी दुजोरा देईल का? त्यांनी त्याची प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि आपल्या कामाला गेले.

तो कागद आठ दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होता. हे आठ दिवस मला कुणी विचारत नाही, पण मी मोजलेत. नवव्या दिवशी मी सगळं लिहून पाठवलं. सरांकडून मालकांच्या कानावर गेलं असावं, एचआर मॅनेजरांनी बोलावून घेतलं, हे कंपनीचं काम नाही, तुम्ही यात कशाला पडता, असं समजुतीच्या सुरात विचारलं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा मशीनवर आता एकच माणूस पुरेल असं ठरलं, आणि तो माणूस मी नव्हते. मला दुसरीकडे काम मिळालं. मी त्याग वगैरे काही केला नाही. आधीच बोलले असते तर त्याला काही अर्थ होता.

केंद्रानं नोंद बदलली. पहिलं नाव यांचं, मग सरांचं, कारण कक्षेचं गणित त्यांचं होतं. विद्यार्थ्यांची नावं गेली. या बातमीसाठी कुणी फ्लेक्स लावला नाही. ज्या वर्तमानपत्रांनी सरांचा फोटो छापला होता त्यांना मी फोन केले. एकानं सांगितलं, मॅडम, ती स्टोरी जुनी झाली.

पुढे दीडेक वर्षानं, एका गुरुवारी, मी कुरुळीला त्यांच्या घरी गेले. त्यांच्यासमोर बसून माफी मागायची राहिली होती. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली लॅपटॉप. त्यांच्या पत्नी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी सभागृहातलं बोलले. त्यांनी लॅपटॉप मिटला.

"तुम्ही आठवत नाही म्हणालात ते मला लागलं," ते म्हणाले. "नाही लागलं असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण नंतर तुम्ही लिहिलंत. तेही तितकंच खरं."

त्यांनी एवढंच म्हटलं. मग त्यांनी स्वतःच विषय बदलला, आणि तो बदलताना चांगलेच तापले. चंद्राला आता कायमचा क्रमांक मिळाला होता आणि शोधणाऱ्यांना नाव सुचवायचा हक्क होता. गुरूच्या चंद्रांना ग्रीक पुराणातली नावं देतात. तिकडे हा ग्रह म्हणजे देवांचा राजा. त्याच्या प्रेयसींची नाहीतर त्याच्या वंशातली. यांनी सगळी यादी वाचून काढली होती. प्रेयसी कसल्या, ते म्हणाले. एकीला बैलाचं रूप घेऊन पळवून नेलं. एकीवर हात टाकला आणि बायकोला कळू नये म्हणून तिची गाय करून टाकली. ही नावांची यादी नाही, चौकीतलं रजिस्टर आहे. मी म्हणाले, त्याच्या मुलींची नावं चालतात ना. तर म्हणाले, मुली कशा झाल्या ते वाचा. त्याला चकवून निसटलेली एक त्यांना सापडली होती, पण तिचं नाव आधीच दुसऱ्या एका चंद्राला देऊन टाकलेलं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. सर आले होते, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि एक फाइल. मला ओळखून त्यांनी मान हलवली, जणू आम्ही एखाद्या लग्नात भेटलो होतो. झालं गेलं, आता आपण दोघं सहशोधक, असं काहीसं बोलले. मग फाइलमधून अर्ज काढला. त्यांनी एक नाव निवडलं होतं, उच्चारायला गोड. नियमात बसणारं. दोघांची संमती असली की अर्ज जाईल आणि वर्षभरात ते नाव जगभरच्या पुस्तकांत येईल. खाली सरांची सही झालेली होती. यांच्या सहीची जागा रिकामी.

यांनी विचारलं, ही बाई कोण?

सरांनी गोष्ट सांगितली. एका राजाची मुलगी, नदीवर गेलेली, देवाची नजर पडली, देवानं तिचं हरण केलं. सर छान सांगत, त्यांचं मराठी फार सुंदर होतं.

"तिची मर्जी होती का?"

सर म्हणाले, अहो, ती दंतकथा आहे.

तांदूळ निवडणाऱ्या त्यांच्या पत्नी इतका वेळ मान वर न करता ऐकत होत्या. त्या खेड तालुक्यातल्या, बोलणं तिकडचं. हात थांबवून त्यांनी सरांना विचारलं, "तिला उचलून नेली, आन आता त्याच्याच भवती फिरवायची व्हय? कायमची?"

सर गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मी काही त्यांच्या मदतीला गेले नाही. ते म्हणाले की वहिनी, खगोलशास्त्रात भावना आणून चालत नाही. आपल्या भागाला असा मान पुन्हा मिळणार नाही. संधी वाया घालवू नका, नाव नाही दिलं तर तो नुसता एक आकडा होऊन राहील. त्यात खोटं काही नव्हतं. तो चंद्र आजही आकडाच आहे.

यांनी खिशातलं लाल पेन काढलं. अर्ज मांडीवर घेतला, सहीच्या रिकाम्या जागेत, ड्रॉइंगवर लिहितात तशा सुट्या, ठसठशीत अक्षरांत दोन शब्द लिहिले आणि कागद सरांकडे फिरवला. 'संमती नाही.'

सरांनी तो दोनदा वाचला. मग जरा चिडून विचारलं, "कुणाची नाही? तुमची?"

"तिची," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.